‘डर्ज’ची विलंबित लय आणि शोकाची भाषा

मराठी समीक्षेत शोकगीताचा विचार बहुधा विलापिका या काव्यप्रकाराच्या अनुषंगाने होतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र एक बँड आहे. ‘डर्ज’ हा मुंबईचा बँड ज्या संगीतप्रकारात मोडतो त्यास ‘स्लज’ व ‘डूम मेटल’ अशी जोडनावे आहेत. ‘स्लज’ म्हणजे गाळ, रेंदा. ‘डूम’ म्हणजे अटळ विनाश. बँडचे नाव तर साक्षात शोकगीतवाचक आहे. ते ‘दिरिगे’ या लॅटिन आज्ञार्थी रूपापासून आले. मृतांसाठी म्हणावयाच्या ख्रिस्ती उपासनेतील एका पाठाचा तो पहिला शब्द असून त्याचा अर्थ ‘मार्ग दाखव’ असा आहे. पुढे या आरंभशब्दानेच सर्व प्रकारच्या विलापाला नाव दिले. हा विलाप कोणाच्या मृतांसाठी आहे, हा प्रश्न त्यामुळे नावापासूनच उपस्थित होतो.

या संगीताचा उगम एका कारखान्यात आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात टोनी आयोमी हा तरुण पत्र्याचे काम करीत असता यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच होता. त्याने कृत्रिम टोपणे बसवून गिटारवादन चालू ठेवले. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० साली निघाली. १९७१ च्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत तारा दीड स्वराने उतरविलेल्या आढळतात. सैल तार जखमी बोटांना सोयीची होती, आणि तिचा नादही अधिक खोल व जड होता. स्वीडनच्या ‘कँडलमास’ने १९८६ साली आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या नावातच ‘डूम’ गुंफले. अमेरिकेत १९८३ साली निघालेल्या ‘मेलव्हिन्स’ने आणि १९८८ साली न्यू ऑर्लिअन्समध्ये उदयास आलेल्या ‘आयहेटगॉड’ने या संथपणात पंक संगीताचा खरखरीतपणा मिसळला. त्यातून ‘स्लज’ सिद्ध झाले.

आपल्याकडील नामकरणेही लक्षणीय आहेत. मुंबईच्या ‘भयानक मौत’ या बँडने तत्सम विशेषण आणि अरबी मूळाचे नाम एकत्र आणले. बंगळूरच्या ‘बेव्हार सी’ने कन्नड शिवी इंग्रजी लिपीत लपविली, आपल्या ‘बेवारशी’ या शब्दाचीच ती बहीण आहे. ‘डर्ज’ने मात्र परक्या उपासनेतील शब्द जसाच्या तसा घेतला आणि हाच परकेपणा विषयातही राखला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आह पुच’ या ध्वनिमुद्रिकेचा विषय मध्य अमेरिकेतील माया संस्कृती हा असून शीर्षक तेथील मृत्युदेवतेचे आहे. (हे नाव पुस्तकांतून रूढ असले तरी त्याच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांना शंका आहे, शेलहास यांनी पोथ्यांतील देवतांना अक्षरे दिली तेव्हा या देवतेला केवळ ‘ए’ म्हटले.) ज्या लोकांच्या पोथ्या दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने १५६२ साली मानी येथे जाळल्या, त्यांचा शोक इंग्रजी शब्दांत मुंबईत केला जावा, ही घटना भाषेच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही.

परंतु हे शब्द ऐकू येतात काय? या गायनात स्वरतंत्रींबरोबर त्यांच्या वरच्या मांसल घड्याही कंप पावतात. कंपन अनियमित होते व स्वराची उंची निश्चित करता येत नाही. मुखविवराचा आकारही फारसा बदलता येत नसल्यामुळे ‘ई’, ‘ए’, ‘आ’ यांतील भेद पुसट होतो. स्पर्श व्यंजनांचे आघात तेवढे उरतात. ऐकणाऱ्याच्या हाती वाक्य येत नाही; कोणीतरी काही सांगू पाहत आहे एवढेच येते. शोकाच्या भाषेचे हे मोठे सत्य आहे. आपल्याकडे मयताच्या घरी रडणाऱ्या बाईचे शब्दही प्रथम असेच फुटतात. अर्थ नंतर, शेजारणींच्या सांगण्यातून, पूर्ण होतो.

येथे कोणी विलंबित ख्यालाचा दाखला देईल. अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित झुमऱ्यातही शब्द असाच ताणला जातो. तथापि हे साम्य वरवरचे आहे. ख्यालात दोन मात्रांमधील अवकाश बढतीसाठी असतो. गायक तो भरीत जातो आणि समेवर श्रोत्याला सोडवितो. ‘डर्ज’च्या संगीतात तो अवकाश विरत जाणाऱ्या तारेच्या नादासाठी मोकळा ठेवलेला असतो. पुढचा आघात येतो तो सुटकेसाठी नव्हे, तर तेच वजन पुन्हा ठेवण्यासाठी.

हे वजन कोठले, हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला कॉटन ग्रीन स्थानकावर उभे असता पडला. कापसाचा बाजार कोटातील मैदानातून १८४४ साली कुलाब्यास आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिवडीच्या बाजूस आला. ‘ग्रीन’ हा मैदानवाचक शब्द त्याच्या मागोमाग येथवर चालत आला. येथील बरीचशी जमीन समुद्र हटवून केलेल्या भरावाची आहे, आणि पलीकडे शिवडीची चिखलपट्टी आहे. गाळ हा येथे अलंकार नाही. येथील कापूस ज्या गिरण्यांत जाई त्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. अनेक गिरण्यांचे भोंगे नंतर वाजलेच नाहीत. प्रस्तुत लेखकाचे वडील साचेखात्यात होते. पुढील आयुष्यात ते दाराशी बसून राहत, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ वेळाने देत.

म्हणून या संगीतात गिरणीचा आवाज ऐकू येतो असे सुलभ विधान मी करणार नाही. चालत्या साच्याची लय द्रुत असते. ‘डर्ज’ची लय बंद पडलेल्या साच्याच्या घराची आहे. २००७ साली लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हे संगीतगृह उघडले व २०१६ पर्यंत चालले. गिरणी गेली आणि तिच्या आवारात ध्वनिवर्धक आले. तथापि त्या आवारांचा शोक या संगीताच्या शब्दांत अद्याप उतरलेला नाही.

हा दोष मानावा काय? दूरच्या मृतांसाठी रडणे हे ढोंग नव्हे. पोथ्या जाळल्या गेलेल्या लोकांविषयी कळवळा वाटण्यास माया असावे लागत नाही. मात्र ‘आह पुच’मध्ये नाद जेवढा खोल रुतलेला आहे तेवढे शब्द रुतलेले नाहीत, हे नमूद करणे प्राप्त आहे. तिचा नाद जाणत्याचा आहे, शब्द वाचकाचे आहेत. ‘दिरिगे’ या आज्ञार्थाला कर्म लागते: मार्ग कोणाला दाखवायचा? नादाने त्याचे उत्तर अर्धे दिले आहे. उरलेले कोणी मराठीत देईल तर गळ्यात फुटून गेलेला तो शब्दही येथील माणूस ओळखील, कारण त्याने तो अशाच फुटलेल्या स्थितीत घरी ऐकलेला आहे.