साच्यातून निसटलेला काना
छापताना चुकून दोनदा पडलेला शब्द संगणकाने कसा शोधावा? जेफ्री फ्रिड्ल यांचे ‘मास्टरिंग रेग्युलर एक्स्प्रेशन्स’ (१९९७, तिसरी आवृत्ती २००६) याच प्रश्नाने सुरू होते. नेमका शब्द न देता त्याचा साचा द्यायचा, ही यातली युक्ती. साचा जुळता जुळता फसला की संगणक मागे येऊन दुसरी वाट कशी धरतो, हे लेखकाने फार छान उलगडले आहे.

आपण अडतो ते लिपीपाशी. जोडचिन्हांचे विवेचन आहे, पण रोमन अक्षरांच्या आधाराने. पायथनमधील नेहमीच्या शोधसाधनाला शब्दाचा साचा देऊन ‘भाषा’ वाचायला लावा. हाती येतात ‘भ’ आणि ‘ष’! काना त्याच्या लेखी अक्षरच नाही. मराठीसाठी साच्यात मात्रांची चिन्हे मुद्दाम घालावी लागतात.