शाई 'पास' झाली, पण तिला ज्योत लागली का?

ज्वालारोधक कामाच्या कपड्यांवर छपाई, या विषयावर वाचायला बसलात की एक वाक्य तुम्हाला हमखास भेटेल: 'छापलेलं कापड उभ्या ज्वाला-चाचणीत पास झालं, म्हणून ही शाई चालेल.' माझा आक्षेप त्यातल्या 'म्हणून'वर आहे.

आधी चाचणी बघू. एएसटीएम डी६४१३ या पद्धतीत साधारण ३ इंच रुंद, १२ इंच लांब पट्टी उभी टांगतात आणि खालच्या कडेला १२ सेकंद ज्योत लावतात. ज्योत काढल्यावर कापड किती वेळ जळत राहिलं, किती लांबीपर्यंत करपलं, वितळून थेंब पडले का, हे नोंदवतात. अचानक भडकणाऱ्या आगीपासून संरक्षण देणाऱ्या कपड्यांचं मानक, एनएफपीए २११२, इथे २ सेकंद आणि ४ इंच एवढीच मुभा देतं.

आता विचार करा. चांगलं अ‍ॅरामिड कापड खालच्या ४ इंचांतच थांबलं आणि लोगो पट्टीच्या वरच्या अर्ध्यात छापलेला असला, तर ज्योत शाईपर्यंत पोचलीच नाही. तुम्ही कापड तपासलंत, शाई नाही. माझ्या पहिल्या आराखड्यात मी नेमकी हीच चूक केली होती. पट्टी कुठून कापणार, एवढंच गाइडने विचारलं आणि मी गप्प झाले.

शाईने फरक पडतो का? पडतो. प्लास्टिसॉल म्हणजे प्लास्टिसायझरमध्ये कालवलेले पीव्हीसीचे कण. ती साधारण १६० अंश सेल्सिअसला पक्की होते, पण पुन्हा तापली की मऊ पडते, आणि तिचा जाड थर कापडावर बसलेला असतो. पाण्यातल्या पिगमेंट शाईचा थर पातळ, पण तिला धरून ठेवणारा बाइंडर बऱ्याचदा अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे जळणाराच. सिलिकॉन शाई उष्णता जास्त सोसते. तरी नुसत्या नावावरून शाई निवडू नका. थर किती जाड आणि किती जागेवर, हेही तितकंच महत्त्वाचं.

दुसरी मर्यादा: ही चाचणी ज्वाला पसरते का ते सांगते. कापडातून त्वचेपर्यंत किती उष्णता गेली, ते सांगत नाही.

यात चाचणीचा दोष नाही, बरं का. कापडांची आपसात तुलना करायला ती सोपी आणि उपयोगी आहे. आपण तिच्याकडून न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घेतो, ही गडबड.

म्हणून पेपर वाचताना निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग उघडा. छपाई पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत होती का? त्याच ताग्यातली कोरी पट्टी शेजारी तपासली का? थराची जाडी दिली आहे का? धुतल्यानंतर पुन्हा तपासलं का? एनएफपीए २११२ कापडाला १०० धुलायांनंतरही तपासायला लावतं. मग छपाईला सूट कशाला? ही उत्तरं नसतील तर तो 'पास' तुमच्या प्रबंधात पुरावा म्हणून लिहू नका. तो लोगो कामगाराच्या छातीवर असणार आहे.