टायगरवरचा लेप आणि फोटोखालची ओळ

मध्यंतरी एका प्रदर्शनात १:३५ प्रमाणातला टायगर रणगाडा पाहिला. पाटीवर 'कुर्स्क, जुलै १९४३'. रंग, चिखल, गंज, सगळं झकास. पण चिलखतावर झिमेरिटचा खरबरीत लेप होता. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन कारखान्यांत हा लेप लावायला लागले, ते कुर्स्कच्या लढाईनंतर. म्हणजे मॉडेल सुबक, पण पाटीशी न जुळणारं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा लेपाचं काय? पण चूक कुठून आली ते बघा. करणाऱ्याला विचारलं, तर त्याने 'कुर्स्क' असं छापलेला फोटो दाखवला. फोटोखालची ओळ नंतर कुणीही लिहू शकतं. लेप मात्र फोटोतच असतो. दोन्ही जुळत नसतील तर आधी ओळीवर शंका घ्या.

उलटं मात्र करू नका. लेप नाही म्हणून फोटो कुर्स्कच्या काळातला ठरत नाही. जुने, बिनलेपाचे रणगाडे नंतरही लढत होते. पुरावा काय सिद्ध करतो आणि काय नाही, दोन्ही वहीत लिहा.

आमच्या प्रयोगशाळेत फोटोखालच्या ओळीच्या जागी नमुन्याच्या बाटलीवरचं लेबल असतं. तेही तपासूनच घ्या.