टिपेतला आकडा, पत्रकातले शून्य

पूर्वी ऐरोलीच्या रद्दीवाल्याकडे कंपन्यांचे वार्षिक अहवाल किलोवर मिळत. 2011मध्ये ते ईमेलने पाठवायला सरकारने मुभा दिली आणि माझा तो पुरवठा आटला. मी हिशेबतपासनीस नाही. मी अहवाल वाचतो ते गद्य म्हणून. आकड्यांवर लेखापरीक्षक मत देतो. शब्द त्या आकड्यांशी विसंगत नाहीत ना, एवढेच तो पाहतो. म्हणून शब्दांकडे कोणीतरी पाहायला हवे.

‘सेबी’च्या 2015च्या नियमांनुसार नोंदणीकृत कंपनीच्या अहवालात व्यवस्थापनाची चर्चा असावीच लागते: संधी, धोके, पुढचा अंदाज. 2018-19पासून महत्त्वाच्या गुणोत्तरांत 25 टक्के किंवा जास्त फरक पडला तर कारणही द्यावे लागते. कारण दिले जाते, पण कर्ता गाळून. नफा ‘आम्ही’ मिळवलेला असतो. तोटा ‘परिस्थितीमुळे’ झालेला असतो. शाळेत कर्मणी प्रयोग कशाला शिकवतात, ते मला इथे कळले. सिमेंट कंपनीचा धोक्यांचा परिच्छेद उचलून औषध कंपनीच्या अहवालात टाकला तरी फारसे बिघडत नाही.

खरी गोष्ट बहुधा मागच्या पानांवर, हिशेबाच्या टिपांत असते. मुंबईच्या येस बँकेचे उदाहरण घ्या. 31 मार्च 2016ला बँकेने ढोबळ अनुत्पादक कर्जे सुमारे 749 कोटी रुपये दाखवली होती. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ती सुमारे 4,926 कोटी निघाली. एप्रिल 2017मध्ये रिझर्व्ह बँकेने अशी मोठी तफावत टिपांत देणे बंधनकारक केले, म्हणून 2016-17च्या अहवालात ती आली. पुढच्या वर्षासाठीची तफावत होती सुमारे 6,355 कोटी. सक्ती नसती तर भागधारकाला हे कुठल्या पानावर वाचायला मिळाले असते?

फेब्रुवारी 2019मध्ये उलटे घडले. 2017-18ची तफावत शून्य असल्याचे बँकेने स्वतःहून जाहीर केले. दुसऱ्या दिवशी समभाग एकदम 30 टक्क्यांच्या आसपास वर गेला. मग रिझर्व्ह बँकेचे पत्र आले, आणि तेही बँकेला जाहीर करावे लागले. तपासणी अहवाल गोपनीय होता. त्यात इतर अनेक त्रुटी व नियमभंग नोंदवले होते. आणि तफावत नसणे म्हणजे नियम पाळणे, मिरवण्याची गोष्ट नव्हे, असा त्याचा आशय होता.

शून्य खरे होते. समीक्षेत एखाद्याने पुस्तकातले एकच वाक्य उचलून लेखकाची स्तुती केली, तर आपण त्याला अर्धवट अवतरण म्हणतो आणि पुढचे पान दाखवतो. इथे पुढचे पान वाचकाच्या हातातच नव्हते, आणि पैसे मात्र त्याचेच होते. माझा आक्षेप खोटेपणापेक्षा या निवडीवर आहे.

नोव्हेंबर 2019मध्ये 2018-19ची तफावत बाहेर आली: सुमारे 3,277 कोटी. 5 मार्च 2020ला बँकेवर निर्बंध आले. खातेदाराला काढता येणारी रक्कम होती 50,000 रुपये.