मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील रक्तक्षय : कारणमीमांसेतील एक उणीव

मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगात रक्तक्षय कोणास होतो, या प्रश्नाला वाहिलेल्या निबंधांत उत्तर बहुधा यादीच्या रूपाने येते : वाढते वय, आतड्याच्या उजव्या भागातील गाठ, तिचा मोठा आकार, रोगाची पुढची अवस्था. यांपैकी एकाही घटकाचा रक्तक्षयाशी असलेला संबंध नाकारण्याचे कारण नाही. उणीव आहे ती रक्तक्षय हा एकच विकार मानण्यात.

वस्तुतः येथे भिन्न प्रक्रिया एका नावाखाली वावरतात. उजवीकडील आतडे रुंद असते व त्यातील मल पातळ असतो. त्यामुळे तेथील गाठ मार्ग न अडविता दीर्घकाळ वाढते. तिच्यातून पाझरणारे रक्त मलात मिसळून डोळ्यांस दिसत नाही आणि शरीरातील लोहाचा साठा रिता होतो. दुसरी प्रक्रिया दाहाची. दाहामुळे यकृतात हेप्सिडिन अधिक निर्माण होते व लोह साठ्यातच अडकून पडते. पहिल्या प्रकारात लोह नसते. दुसऱ्यात ते असूनही उपयोगी पडत नाही. पहिल्यात फेरिटिन घटते, दुसऱ्यात वाढते. दोन्ही एकत्र आल्यास तो आकडा फसवा ठरतो.

केवळ हीमोग्लोबिन पुरुषांत १३ व स्त्रियांत १२ ग्रॅमांहून कमी, एवढ्याच निकषावर रुग्ण निवडले, की हा भेद पुसला जातो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रिव्हेंट' या ब्रिटनमधील चाचणीत पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी शिरेतून लोह दिल्याने रक्त देण्याची गरज वा मृत्यू कमी झाले नाहीत. तेथेही निवड हीमोग्लोबिनवरून झाली होती, लोहाच्या उणिवेवरून नव्हे, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

भारतात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा समाजात गाठीपूर्वीचे हीमोग्लोबिन ठाऊक नसता रक्तक्षयाचे खापर गाठीवर फोडणे धाडसाचे ठरते. उलट, रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रीचा रक्तक्षय नित्याचा समजून केवळ लोहाच्या गोळ्या दिल्या, तर हीमोग्लोबिन सुधारते आणि गाठ मात्र वाढत राहते.

म्हणून यादी लांबविण्यापेक्षा प्रत्येक रुग्णाचे फेरिटिन, ट्रान्सफेरिनची लोहसंपृक्तता, दाहाचे प्रमाण व पूर्वीचे हीमोग्लोबिन यांची नोंद करणे अगत्याचे आहे. त्यावाचून जोखमीचे घटक मोजले जातील. पण ते नेमके कशाचे घटक आहेत, हे मात्र कळणार नाही.