"दृश्यमानता ४० किमी": एका वाक्याची चिकित्सा

रिमोट सेन्सिंगचे प्रबंध चाळायला बसलात की पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य कधी ना कधी भेटेलच: "वातावरणीय दुरुस्तीसाठी दृश्यमानता ४० किमी धरली." कोणत्या दिवसाची, कोणी मोजलेली, कुठली, याबद्दल पुढे अक्षर नाही. आणि नंतरची दोन प्रकरणं त्या दुरुस्त केलेल्या चित्रांवरच उभी. तुम्ही अजून सिनॉप्सिस लिहिताय, म्हणून आत्ताच या वाक्याची चिरफाड करूया.

उदाहरणाला गडमुडशिंगी घेऊ. करवीर तालुक्यातलं गाव, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर. शिवेला कोल्हापूरचा विमानतळ, जवळ गोकुळ शिरगावची एमआयडीसी, भोवती ऊस. हंगाम सुरू झाला की पाला पेटवल्याचा धूर, गुऱ्हाळांचा धूर, पहाटे नदीकाठाकडून येणारं धुकं. विमानतळ एवढा जवळ असल्यामुळे मोह होतोच की दृश्यमानता तिथूनच घ्यावी. हा मोह वाटतो तितका शहाणपणाचा नाही, पण त्याकडे नंतर येऊ.

आधी ४० चं मूळ. फ्लाशच्या खिडकीत 'सुरुवातीची दृश्यमानता' असा एक रकाना असतो आणि त्यात ४० आधीच भरलेलं असतं. 'सुरुवातीची' हा शब्द नीट वाचा. एरोसॉल शोधायचा पर्याय चालू असेल तर फ्लाश चित्रातले दाट हिरवे, गडद पिक्सेल घेऊन ६६० आणि २१०० नॅनोमीटरच्या पट्ट्यांवरून दृश्यमानता स्वतः काढतं. काढलेला आकडा अहवालात छापतं. तो अहवाल न उघडता प्रबंधात ४० लिहिलं, तर तुम्ही न वापरलेला आकडा वापरला म्हणून सांगताय. आणि गडद पिक्सेल सापडलेच नाहीत तर खरोखरच ४० वापरलं जातं. सेन२कॉरच्या जुन्या आवृत्त्यांचंही तेच. नव्या आवृत्त्या अशा वेळी कॅम्स या युरोपीय मॉडेलकडून आकडा घेतात. गडमुडशिंगीला डिसेंबरात उभ्या उसामुळे गडद पिक्सेल मुबलक. एप्रिलमध्ये तोड झालेली, रानं उघडी, तेव्हा तीच पद्धत लंगडते. म्हणजे एकाच वर्षाच्या चित्रमालेत अर्धी चित्रं मोजलेल्या हवेवर आणि अर्धी गृहीत हवेवर दुरुस्त होऊ शकतात, आणि तुम्हाला पत्ता नसतो.

आता विमानतळ. दृश्यमानतेवरून हवेतली क्षीणता काढायचं कोशमीडरचं सूत्र सोपं आहे: ३.९१२ भागिले दृश्यमानता. १० किमी टाका, दर किलोमीटरला ०.३९ येतं. त्यातून हवेच्या रेणूंचा ०.०१ वजा करा आणि एरोसॉलचा थर दोन किमी जाडीचा धरला तर एरोसॉलची प्रकाशीय जाडी, म्हणजे एओडी, ०.७६. थर एक किमीचा धरला तर ०.३८. दृश्यमानता तीच, उत्तर निम्मं! थराची जाडी विमानतळावर कोणी मोजत नाही. निरीक्षक आडवं बघतो, जमिनीलगतचं. उपग्रह उभं बघतो, सगळा स्तंभ. मार्च ते मे पश्चिमेकडून धूळ वर वर येते तेव्हा खाली लांबचे डोंगर स्पष्ट दिसतात आणि स्तंभातला एओडी मात्र चढलेला असतो. हिवाळ्यात उलटं: पातळ धुक्यात धावपट्टी दिसत नाही, आणि वरचं आकाश स्वच्छ.

त्यात संकेतांचा घोळ. मेटार संदेशात ९९९९ म्हणजे '१० किमी किंवा जास्त'. ती ९.९९९ किमी नव्हे. १२ किमी असो की ५०, संदेशात ९९९९ च. दुरुस्तीसाठी जो भाग महत्त्वाचा, तोच इथे कापलेला. सिनॉप्टिक नोंदींत दृश्यमानता ९० ते ९९ अशा संकेतांत येते. ९७ म्हणजे १० ते २० किमी. या संकेतांची सरासरी काढून 'मासिक दृश्यमानता' म्हणून आलेख काढायचा मोह आवरा.

वेळही बघा. सेंटिनेल-२ स्थानिक सौरवेळेनुसार साडेदहाच्या सुमारास जातो. कोल्हापूर ८२.५ रेखांशाच्या सुमारे आठ अंश पश्चिमेला, म्हणून आपल्या घड्याळात अकराच्या आसपास. मेटार यूटीसीत असतो, म्हणजे साडेपाचच्या जवळचा संदेश हवा. सकाळी साडेआठच्या नोंदीतलं धुकं अकराला उरलेलं नसतं. शिवाय लहान विमानतळांवर निरीक्षणं बहुधा विमानांच्या वेळांशी बांधलेली असतात. तुमच्या तासाची नोंद आहे का, हे आधी तपासा.

मग मेटार टाकून द्यायचा का? नाही. आकडा म्हणून नको, साक्षीदार म्हणून ठेवा. संदेशात धूर, धूसर हवा आणि धुकं यांना वेगळे संकेत असतात, आणि कुठला एरोसॉल प्रकार निवडायचा हे ठरवताना ते उपयोगी पडतात.

आकडा हवा तो ५५० नॅनोमीटरवरच्या एओडीचा. ६एसमध्ये दृश्यमानतेऐवजी थेट तोच देता येतो. (जाता जाता: मूळ ६एसमध्ये जमिनीची उंची उणे लिहायची असते, किलोमीटरमध्ये. गडमुडशिंगीला -०.६.) सर्वांत विश्वासाची मोजणी एरोनेटची, सूर्याकडे रोखलेल्या फोटोमीटरची, चूक ०.०१ ते ०.०२. महाराष्ट्रात असं केंद्र पुण्यात, आयआयटीएममध्ये. पण पुणे दोनशेहून जास्त किलोमीटर दूर. तिथला एओडी गडमुडशिंगीच्या चित्राला लावणं म्हणजे पुण्याच्या पावसावर करवीरचं पाणी मोजणं. एरोनेट वापरायचं ते उपग्रहाचा एओडी दख्खनवर कितपत खरा, हे पडताळायला. तेव्हाही ५०० चा आकडा ५५० म्हणून खपवू नका. ५०० वर ०.४० आणि अँगस्ट्रॉम घातांक १.२ असेल तर ५५० वर ०.३६ येतो.

गावपातळीवर माझी पसंती मॅयाकला, म्हणजे मॉडिसच्या एमसीडी१९ए२ ला. एक किमीचा पिक्सेल, ५५० चा थर तयार, गुणक ०.००१, म्हणजे कच्चा ३५० असेल तर ०.३५. अडचण अशी की एका दिवसाच्या फाइलीत अनेक फेऱ्या एकावर एक रचलेल्या असतात आणि बरेच जण पहिली उचलून मोकळे होतात. फेरीची वेळ फाइलीतच लिहिलेली असते. टेराची घ्या, दुपारच्या ॲक्वाची नको. टेराही आता ठरलेल्या साडेदहापासून मागे सरकलाय, तेव्हा 'एकाच वेळी' असं लिहू नका, मिनिटांचा फरक लिहा. गुणवत्तेचे बिट तपासा आणि एका पिक्सेलऐवजी गावाभोवतीच्या काही पिक्सेलांचा मध्यक घ्या, नाहीतर एखाद्या पेटलेल्या फडाचा धूर अख्ख्या चित्राला लागायचा.

ढगांमुळे मॅयाक रिकामा असेल तर कॅम्स किंवा मेरा-२. रोज मिळतात, कधी रिकामे नसतात, हीच त्यांची खोटी दिलासा देणारी बाजू. कॅम्सच्या अंदाजाची चौकट ०.४ अंशाची, पन्हाळा आणि इचलकरंजी एकाच चौकटीत बसू शकतात. मेरा-२ त्याहून ढोबळ. प्रदूषण मंडळाच्या पीएम१० नोंदी तर या कामाच्याच नाहीत: चोवीस तासांची सरासरी, जमिनीलगतचं वजन.

एवढा खटाटोप कशासाठी, तेही आकड्यांत बघा. निरोगी उसाचं लाल पट्टीतलं परावर्तन ०.०४ आणि जवळच्या अवरक्त पट्टीतलं ०.४० धरा. एनडीव्हीआय ०.८२. गडद पृष्ठावर एओडीतली ०.१ ची चूक परावर्तनात साधारण ०.०१ ची चूक करते. अवरक्त पट्टीतला फरक सोडून देऊ. आता धुराच्या दिवशी खरा एओडी ०.५ आहे आणि तुम्ही ४० किमीच ठेवली, म्हणजे साधारण ०.२. लाल पट्टी ०.०७ दिसेल, एनडीव्हीआय ०.७०. तुम्ही लिहाल 'पिकावर ताण'. उसाला काहीही झालेलं नाही, शेजारच्या रानात पाला पेटला होता एवढंच. उद्या हाच नकाशा कोणी सल्ल्यासाठी वापरला तर त्या शेतकऱ्याला नको तेव्हा पाणी नाहीतर खत द्यायला सांगितलं जाईल. उलट बाजूने, स्वच्छ दिवशी एओडी ०.३ असताना ९९९९ ला १० किमी समजून ०.७६ टाकला, तर लाल पट्टी शून्याखाली जाते आणि एनडीव्हीआय एकच्या वर. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, आणि पुष्कळदा असे पिक्सेल 'नॉइज' म्हणून एकला कापून टाकले जातात. तो नॉइज नसतो, एओडी जास्त धरल्याची ती पावती असते.

त्यामुळे दुरुस्तीनंतर पहिलं काम: दाट उसाचे आणि खोल पाण्याचे दहा-वीस पिक्सेल उघडा, निळ्या आणि लाल पट्टीत किती उणे आहेत ते मोजा. तयार लँडसॅट उत्पादन वापरत असाल तर त्यातली एरोसॉल-गुणवत्तेची पट्टी उघडा. कुठे एरोसॉल प्रत्यक्ष काढला आणि कुठे शेजारून भरला, ते पिक्सेलवार कळतं. आणि प्रबंधात प्रत्येक चित्रापुढे एक ओळ: तारीख, एओडी, तो कुठून घेतला, किती मिनिटांच्या फरकाचा, कोणता एरोसॉल प्रकार. वीस चित्रांना वीस ओळी, अर्ध्या पानाचा तक्ता. मार्गदर्शक म्हणाले "हे परिशिष्टात टाका", तर टाका, पण तक्ता काढू नका.