डॉ. ब्लेनी यांचा पुतळा

नंदिग्राम एक्स्प्रेसनें निघालेला आमच्या भोकरचा उतारू शेवटीं मुंबईस छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. बाहेर पडतांच समोर महानगरपालिकेची १८९३ मध्यें पुरी झालेली भव्य इमारत दिसते, आणि तिच्याच परिसरांत डॉ. टॉमस ब्लेनी यांचा पुतळा आहे. इमारतीकडे प्रत्येकाची मान वळते; पुतळ्याकडे क्वचितच कोणाची. फिरोजशहा मेहता निदान शाळेच्या पुस्तकांतून ओळखीचे असतात. ब्लेनी कोण, हें सांगणारा वाटाड्या आम्हांस आजवर भेटला नाहीं. म्हणून या स्मारकाविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

ब्लेनी आयर्लंडांतील लिमरिक परगण्यांतले. जन्म १८२३ चा. लहानपणींच आईबापांबरोबर मुंबईस आले आणि १९०३ मध्यें मृत्यु येईपर्यंत मुंबईचेच राहिले. कंपनीच्या वैद्यक खात्यांतील कनिष्ठ नोकरीपासून त्यांनीं आरंभ केला, पुढें ग्रँट मेडिकल कॉलेजांत अध्ययन करून स्वतंत्र व्यवसाय मांडला, आणि गोरगरिबांवर फी न घेतां उपचार केले. शहराचे कॉरोनर या नात्यानें आकस्मिक व संशयास्पद मरणांची चौकशी करण्याचें कामहि त्यांच्याकडे अनेक वर्षें होतें. मुंबईच्या तापांचा संबंध तेथील अस्वच्छतेशीं आहे, हें त्यांनीं लिहून मांडलें होतें. जो दिवसा रोग्याची नाडी पाही व त्याच शहराच्या प्रेतांचा हिशेबहि ठेवी, त्याला हें सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाहून अधिक होता. ते शेरीफ झाले, महानगरपालिकेचे अध्यक्षहि झाले. १८९४ सालीं लोकवर्गणीनें त्यांचा पुतळा उभा राहिला, तेव्हां ते स्वतः हयात होते!

आमचा आक्षेप आहे तो येथेंच. वर्गणी देणाऱ्यांनीं जागा निवडली ती नगरपालिकेच्या सान्निध्यांतली. म्हणजे त्यांनीं गौरव केला तो अध्यक्षाचा. पण अध्यक्ष पुष्कळ झाले. चाळीच्या अंधाऱ्या जिन्यानें चढून जाणारा वैद्य ही ब्लेनींची खरी ओळख, आणि ती सांगण्यास मांडवी किंवा कामाठीपुऱ्याची एखादी गल्ली अधिक योग्य ठरली असती. त्या काळच्या सार्वजनिक पुतळ्यांना पदाची प्रतिष्ठा दाखवितां येई, सेवा दाखवितां येत नसे. हा दोष एकट्या या पुतळ्याचा नव्हे, हेंहि कबूल केलें पाहिजे.

तथापि एका कसोटीला हें स्मारक उतरलें आहे. पुतळा उभा राहून दोनच वर्षें झालीं होतीं, तोंच १८९६ मध्यें दामोदर चापेकरांनीं फोर्टांतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास डांबर फांसलें. स्वातंत्र्यानंतर १९६५ मध्यें काळा घोडा आपल्या स्वारासह भायखळ्यास गेला. ब्लेनींच्या वाट्याला हें आलें नाहीं. त्यांचा आयर्लंड तेव्हां आपल्यासारखाच परसत्तेखालीं होता, हें कोणी ध्यानांत घेतलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. राज्य करावयास आलेला आणि राहावयास आलेला यांतील भेद लोकांस पुस्तकावांचूनहि कळतो. आमच्याकडे नवा डॉक्टर नेमणुकीवर आला कीं गांव पहिल्यांदा त्याची पदवी विचारीत नाहीं. किती दिवस राहणार, तें विचारतें. भोकरचा मनुष्य ब्लेनींच्या पुतळ्यापुढें उभा राहिला तर त्याला पदव्यांची यादी नको. सारा जन्म हा गृहस्थ येथें राहिला, एवढेंच पुरे आहे.

ज्या १८९६ सालीं राणीच्या पुतळ्यास डांबर लागलें, त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं मांडवींत प्लेग ओळखला. तेहि परमुलुखांतले, पोर्तुगीज गोव्याचे. तेहि पुढें महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. त्यांचा पुतळा मेट्रो चित्रगृहासमोर, धोबीतलावास आहे. दोन्ही पुतळ्यांमध्यें एकच महापालिका मार्ग. परतीची गाडी सुटण्यास तासभर अवकाश असेल तर दोन्ही पायीं पाहून होतात.